‘अशेरा’ : देवीचे नाव की लाकडी स्तंभ?

प्रश्न असा आला आहे की, बायबलच्या जुन्या करारात ‘अशेरा’ हा शब्द काही ठिकाणी देवीचे नाव म्हणून येतो, तर काही ठिकाणी ती तोडली किंवा जाळली जाते. मग हे विशेषनाम मानावे की सामान्यनाम, आणि अश्तोरेथ ती हीच का?

हिब्रूमध्ये हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो आणि नेमका अर्थ बहुधा क्रियापदावरून कळतो. परमेश्वराच्या वेदीजवळ अशेरा म्हणून कोणतेही झाड रोवू नये, असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात बजावले आहे. इस्राएलाचा पुढारी गिदोन आपल्या बापाच्या, बआल या कनानी देवाच्या वेदीजवळची अशेरा तोडून तिच्याच लाकडांवर होम करतो. इथे अर्थातच लाकडी खांब किंवा झाड अभिप्रेत आहे. इस्राएलाची राणी ईजबेल हिच्या पंक्तीला जेवणारे अशेराचे चारशे संदेष्टे किंवा मनश्शे राजाने मंदिरात बसवलेली अशेराची कोरीव मूर्ती हे उल्लेख मात्र देवीचेच आहेत. दुसऱ्या राजे ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी येतात : इ.स.पू. 622च्या सुमारास योशीया राजा अशेरासाठी केलेली पात्रे मंदिराबाहेर काढून जाळतो, खुद्द अशेरा किद्रोनच्या ओढ्याकाठी जाळून तिची राख करतो आणि मंदिराच्या आवारात स्त्रिया जिथे अशेरासाठी विणकाम करीत, ती घरेही पाडून टाकतो.

देवी म्हणून तिची ओळख सिरियातील उगारित येथे 1929पासून झालेल्या उत्खननाने पक्की झाली. तिथल्या मृत्तिकापट्टांवर ती ‘अथिरत’ या नावाने भेटते. ती ज्येष्ठ देव एल याची पत्नी आणि देवांची जननी आहे.

एवढा कडक निषेध का झाला, हे मला या शब्दाइतकेच महत्त्वाचे वाटते. इस्राएलाचा राजा येहू याने शोमरोन या राजधानीतून बआलाची पूजा मोडून काढली, तरी त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत अशेरा तिथे उभीच होती, असे राजे ग्रंथच सांगतो. म्हणजे पुष्कळ लोकांना ती परकी वाटत नव्हती; ती यहोवाच्या, म्हणजे इस्राएलाच्या परमेश्वराच्या, उपासनेतच सामावलेली होती, आणि एकाच देवाचा आग्रह धरणाऱ्या सुधारकांना नेमके हेच खुपत होते, असे माझे मत आहे. सिनाईतील कुंतिलेत अजरूद येथे 1975-76मध्ये सापडलेल्या, इ.स.पू. 800च्या सुमाराच्या मोठ्या रांजणांवर ‘शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले आहेत. आपण ‘पंढरपूरचा विठोबा’ म्हणतो, तशीच ही स्थळाशी जोडलेली देवाची ओळख आहे. अभ्यासकांचा वाद आहे तो ‘त्याची’ या सर्वनामाबद्दल : बायबलमधील हिब्रूत विशेषनामाला असा षष्ठीचा प्रत्यय लागत नाही, म्हणून काहींच्या मते इथे देवी नसून पूजेचा स्तंभच अभिप्रेत आहे, पण स्तंभ घेतला तरी तो कोणाचे प्रतीक होता, हा प्रश्न उरतोच, आणि मला तो देवीपासून तोडता येत नाही.

अश्तोरेथ मात्र वेगळी. शलमोन जिच्या नादी लागला ती ही सीदोनी लोकांची देवी, जिला ग्रीक भाषेत अस्तार्ते म्हणतात. गोंधळ जुनाच आहे. शास्ते ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएल लोक बआल आणि अश्तारोथ (अश्तोरेथचे अनेकवचन) यांची सेवा करतात, तर तिसऱ्या अध्यायात तशाच वाक्यात बआलांबरोबर अशेरांचे नाव येते. हिब्रू लिपीत ‘अशेरा’ची सुरुवात आलेफने आणि ‘अश्तोरेथ’ची आयिनने होते, पण देवनागरीत दोन्हींसाठी आपल्याकडे ‘अ’च असल्यामुळे ही नावे एकाच धातूतून निघाल्यासारखी भासतात. लिहिताना मी देवीसाठी ‘अशेरादेवी’ आणि वस्तूसाठी ‘अशेरास्तंभ’ असे स्पष्ट लिहितो, आणि जिथे मूळ वाक्यच संदिग्ध आहे तिथे नुसते ‘अशेरा’ ठेवतो.