आकडा तोंडातून काढायचाच नाही

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि झोप उडाली. फोनवर तुटक काहीतरी बोलण्यापेक्षा सगळं लिहूनच काढतो, सकाळी उठल्या उठल्या वाच. तू लिहिलंस की बाबांना जाऊन दोन महिने झाले नाहीत तोवर चार माणसं त्यांची यामाहा आरएक्स मोटारसायकल विकत मागायला दारात आली, त्यातला तो कराडचा रोज फोन करतो, आणि परवा कंटाळून तू त्याला "अडीच लाख" म्हणालीस, म्हणजे तो गप बसेल. तो म्हणाला "बघतो, रविवारी येतो". माणसं दारात आली त्याचं मला काही नाही, ती येणारच. पण पोरी, आकडा का काढलास?

रागावतोय असं वाटलं तर वाटू दे. रागावतोयच. पण का ते ऐक.

२००७ ची गोष्ट. आमच्या अण्णांची येझदी मोटारसायकल होती, रोडकिंग, १९८१ ची, म्हैसूरच्या कारखान्यातली. अण्णा म्हणजे माझे वडील. अठरा वर्षं रोज पहाटे त्या गाडीवरनं त्यांनी डेअरीला दूध घातलं, दोन बाजूला दोन कॅन, कॅनचे हूक मागच्या मडगार्डला घासून घासून तिथला रंग गेलेला आणि आतला पत्रा चकचकीत झालेला, दोन्हीकडं रुपयाएवढे गोल. येझदीला किक आणि गिअर एकच दांडी असते, किक मारून झाली की तीच दांडी पुढं वळवायची आणि तिनंच गिअर टाकायचे. त्या दांडीचं रबर अण्णांच्या पायानं एका अंगानं झिजून तिरकं झालं होतं. माझा पाय त्याच्यावर कधी नीट बसला नाही, घसरायचा. नवीन रबर पाच-दहा रुपयांना मिळत होतं, मी घातलं नाही.

तासगाव रोडला पंक्चर काढायला थांबलो होतो, एक माणूस आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, म्हणाला द्यायची काय. मी म्हटलं नाही. म्हणाला सांगा की, किती. तेव्हा येझदीला आमच्याकडं भंगाराचा भाव, आठ-दहा हजार कुणी दिले तर डोक्यावरून पाणी. मी म्हटलं पन्नास हजार देतोस? म्हणजे जाईल. त्यानं गावाचं नाव विचारलं आणि गेला.

नवव्या दिवशी टेम्पो घेऊन दारात. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाचशेच्या नोटा. अण्णा सोप्यात बसलेले, त्यांनी सगळं ऐकलं आणि मला एवढंच विचारलं, "तू बोलला होतास काय आकडा?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग दे." टेम्पोत गाडी चढवायला फळी लावली तेव्हा ते उठून आत गेले. पुढं तीन वर्षं जगले, येझदीचं नाव त्यांनी परत काढलं नाही, एकदाही नाही. त्या पैशात विहिरीवर मोटार बसवली, ती पण कधीच जळून गेली.

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगाव जमतात, त्यांचा दिवस असतो तो. सांगली झाली, कोल्हापूर झालं, पुण्यालाही जातो. सगळे गाड्यांचे फोटो काढत असतात, मी वाकून मागचे मडगार्ड बघत फिरतो. नंबर पाठ आहे तरी मडगार्डच बघतो, कारण नंबर प्लेट बदलता येते.

म्हणून सांगतो, आकडा काढायचा नाही. कमी नाही, जास्त नाही, चेष्टेत नाही, वैतागून तर अजिबात नाही. आपल्याला वाटतं अवाच्या सव्वा सांगितलं की माणूस पळेल. पळत नाही. तू आकडा सांगितलास की त्याच्या दृष्टीनं गाडी विकायला निघाली, आता फक्त किती कमी करायचं एवढंच राहिलं. "नाही" हा शब्द कुठूनही धरता येत नाही, आकडा मात्र दोन्ही बाजूनं धरता येतो. आणि कारणही सांगायचं नाही. "बाबांची आठवण आहे" म्हटलंस की तो म्हणणार "ताई, आठवण आम्ही पण जपूनच ठेवू, उलट जास्त नीट ठेवू". हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माणूस तोंड उघडायच्या आधी मला कळतं. नाही, द्यायची नाही. संपलं. त्याच्या पुढं चहा विचार, पाणी दे, पण गाडीवर बोलू नको.

आता तू म्हणशील काका, तुम्ही तर शब्द पाळलात, मग मला का फिरवायला सांगताय. विचारशील म्हणूनच लिहितो. माझं आजही म्हणणं आहे की त्या दिवशी दारात आलेल्या माणसाला मी गाडी दिली ते बरोबरच केलं. चूक नऊ दिवस आधी पंक्चरच्या दुकानात झाली होती. आमच्या घरात बोललेलं मोडायची पद्धत नव्हती, आणि अण्णांसमोर तर नव्हतीच. तुझं तसं नाही. त्यानं हो म्हटलेलं नाही, बघतो म्हटलंय. तू विसार घेतलेला नाहीस, नाही ना घेतलास? विसार नाही म्हणजे व्यवहार नाही.

खरं तर विसार मीही घेतला नव्हता. हे इतक्या वर्षांत मी कुणाजवळ बोललो नाही. हात जोडून "माफ करा, मी उगाच बोललो" म्हणायला काय लागत होतं मला? अण्णा चार शब्द बोलले असते आणि गाडी गोठ्याजवळ उभी राहिली असती. जाऊ दे. तू उद्या फोन कर.

आणि लोक विचारतात ते का विचारतात हेही समजून घे, म्हणजे अपराधी वाटायचं नाही. आरएक्स हंड्रेड आपल्याकडं १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, धुराचे नियम कडक व्हायला लागले आणि टू-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरले. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन असं की तुझ्यासारखी पोरगीही स्टँडवर घेईल. आता तशी गाडी होत नाही, होणार नाही, जेवढ्या आहेत तेवढ्याच. सुरुवातीच्या गाड्यांना जपानहून आलेले पार्ट होते, म्हणून हे लोक पहिल्यांदा इंजिनाजवळ वाकतात आणि मग सायलेन्सर कंपनीचा आहे का बघतात. त्यातले काही खरंच गाडीवेडे असतात, त्यांच्याबद्दल मला राग नाही, पोरं रात्र रात्र जागून गाड्या उभ्या करतात. पण वेड त्यांचं आहे म्हणून गाडी तू द्यावी असं कुठं लिहिलंय?

काही मात्र नुसते दलाल. त्यांची एक सवय असते, घरात कोण गेलं की महिना-दोन महिन्यात दारात उभे. २०१९ च्या पुराचं सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमचा खालचा मजला बुडाला. पाणी उतरल्यावर माझी चेतक स्कूटर बाहेर काढली तर डिकीत वीतभर गाळ. मी रस्त्यावर स्टुलावर बसून प्लग काढला, सिलेंडरमध्ये डिझेल ओतलं, गिअर ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. आणि तेवढ्यात दोघं जण मोटारसायकलवरून गल्लीत शिरले, प्रत्येक दारात थांबून विचारत, भिजलेली गाडी द्यायची काय, दोन हजार, तीन हजार. शेजारच्यांच्या घरातल्या गाद्या अजून रस्त्यावर होत्या. किती जणांनी त्या दिवशी गाड्या देऊन टाकल्या, कारण त्यांना वाटलं आता हिचं काही होत नाही. मला म्हणाले काका, ही तर संपली. मी मान वर केली नाही. तीन आठवडे लागले. चालू झाली.

ती चेतक १९८७ ची, थोरल्या भावानं नाव नोंदवून ठेवलं होतं म्हणून मिळाली, तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. तिच्या प्लेटवर एमएच नाही, १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर आहे, त्यामुळं पंपावर पेट्रोल घालेपर्यंत एकजण तरी विचारतोच. घरी सगळ्यांचं म्हणणं मी हट्टी आहे. तुझ्या काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा एक माणूस चांगले पैसे द्यायला तयार होता आणि मी पतसंस्थेचं कर्ज काढलं, तीन वर्षं हप्ते फेडले. मुलगा अजून बोलून दाखवतो. पण ऑपरेशन थांबलं का? एक दिवस तरी पुढं ढकललं का? नाही ना. मग मी काय चुकलो सांग. एक गाडी दिली होती, दुसरी द्यायची नाही हे मी अण्णांचं दहावं होत होतं तेव्हाच ठरवलं होतं. काकूला हे मी तेव्हा नीट सांगायला हवं होतं, ते नाही सांगितलं, नुसता गप्प बसलो, तेवढं मात्र माझं चुकलं.

बरं, आता कामाचं. ते आधी कर, रडणं नंतर.

गाडी अजून बाबांच्या नावावर आहे. मालक गेला की आरटीओला ३० दिवसांत कळवायचं असतं, ते राहिलं असेल तरी आता जा. तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी तुझ्या नावावर करून घे, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आई आणि भावाची संमती, काय काय लागतं ते तिथं विचार, एजंटला विचारू नको. कराडवाला तुला सांगतोय ना की १५ वर्षांवरची गाडी आता स्क्रॅपच करावी लागणार, ते खोटं आहे. तो १५ वर्षांचा नियम दिल्लीच्या बाजूचा. आपल्याकडं १५ वर्षांनी आरटीओ गाडी तपासतं, पर्यावरण कर भरायचा, पुढची ५ वर्षं मिळतात, मग परत तेच. बाबांनी शेवटचं कधी केलं होतं ते आरसीवर बघ. आणि "विंटेज" म्हणून तो घाबरवत असेल तर तेही ऐकू नको, २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची, तुझी १९९० ची आहे.

दुसरं, गाडी कुणाला ट्रायलला द्यायची नाही, "सर्व्हिसिंग करून देतो" म्हणणाऱ्याला तर नाहीच. मूळचा मिकुनी कार्बोरेटर काढून लोकल बसवलेला तुला कळणार नाही, मला चालवल्यावर कळेल. इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदावर पेन्सिलनं घासून उतरवून घे आणि फाइलीत ठेव.

आणि हे "पोरीला काय करायचीय आरएक्स" कोण म्हणालं ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. त्याला उत्तर देऊ नको. चालवायला शीक. उभी गाडी दिसली की माणसं विचारतात, रोज चालणाऱ्या गाडीला थोडं कमी विचारतात, हा माझा अनुभव आहे. तुझे बाबा आणि मी एका वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली, ती गाडी त्यांनी घेतली त्या संध्याकाळी आम्ही दोघं हरिपूरला संगमावर गेलो होतो, येताना मी चालवली होती. आतापर्यंत कितीजणांनी त्यांना विचारलं असेल, मी बाजूला उभा असायचो. ते नुसते हसायचे आणि किक मारायचे. आकडा कधी काढला नाही त्यांनी.

तर उद्या सकाळी त्या माणसाला फोन कर आणि म्हण, परवा मी बोलले ते मागे घेते, गाडी द्यायची नाही. तो तीन लाख म्हणेल. तू परत तेच म्हण आणि फोन ठेव. रविवारी तरी आलाच तर मी दहालाच येऊन बसतो तुमच्याकडं. तोवर गाडीला किक मारू नको, तिला ऑइलची टाकी वेगळी असते, पेट्रोलमध्ये मिसळायचं नसतं, आणि ती रिकामी असताना गाडी पळवली तर पिस्टन धरतो. उजेडात झाकण उघडून बघ आणि किती आहे ते मला कळव, येताना टू-टी ऑइल घेऊन येतो.

तुझा,
काका