‘संरचनात्मक अखंडता’ की शाबूतपणा?

प्रश्न असा आहे : अणुवीज केंद्रांतील काँक्रीटच्या तपासणीविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘स्ट्रक्चरल इंटिग्रिटी’ला ‘संरचनात्मक अखंडता’ म्हणावे का, आणि ‘क्रॅक’ व ‘डीलॅमिनेशन’ या दोहोंसाठी ‘भेग’ हा एकच शब्द चालेल का?

‘अखंडता’ येथे टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अखंड म्हणजे कोठेही खंड नसलेले; काँक्रीट मात्र वाळताना आकसते, त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि सळ्या घातलेल्या काँक्रीटचे गणितच अशा भेगा गृहीत धरून मांडलेले असते. एका ओळीत ‘अखंडता समाधानकारक’ आणि पुढच्याच ओळीत भेगांची रुंदी वाचून वाचकाने नेमके काय समजावे? त्यापेक्षा ‘शाबूत’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द कितीतरी नेमका आहे. म्हाताऱ्या माणसाचे दात शाबूत आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा ते झिजलेले नाहीत असा दावा नसतो. ते जागेवर आहेत आणि काम देत आहेत, एवढेच सांगायचे असते. काँक्रीटच्या तपासणीलाही हेच ठरवायचे असते. म्हणून ‘संरचनेचा शाबूतपणा’ म्हणावे, किंवा सरळ ‘बांधकाम शाबूत आहे का’ असे वाक्य करावे.

मात्र अणुभट्टीभोवतीच्या संरक्षक कवचाविषयी लिहिताना या एका शब्दावर थांबता येत नाही. भूकंपाचा हादरा किंवा अपघातात आतून वाढणारा दाब ते कवच पेलेल का, हा एक प्रश्न; किरणोत्सर्गी वायू बाहेर झिरपू देणार नाही ना, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कवचात दाबाने हवा भरून आणि गळती मोजून मिळवतात. पहिल्यासाठी ‘भारक्षमता’ आणि दुसऱ्यासाठी ‘गळतीरोधकता’ असे शब्द वेगळे ठेवावेत, कारण भार उत्तम पेलणारी भिंतही गळू शकते.

आता भेगेविषयी. भेग पृष्ठभागावर दिसते आणि तिची रुंदी मोजता येते. ‘डीलॅमिनेशन’मध्ये पृष्ठभागाला समांतर असा एक थर आतल्या आत सुटतो आणि वरून भिंत धडधाकट दिसू शकते, त्याला ‘थर सुटणे’ म्हणावे. कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात १३ मे १९९४ रोजी, पहिल्या अणुभट्टीचे बांधकाम चालू असताना, संरक्षक कवचाच्या आतल्या घुमटाचा खालचा थर सुटून सुमारे १३० टन काँक्रीट कोसळले. अमेरिकेत फ्लोरिडातील क्रिस्टल रिव्हर केंद्रात २००९ साली वाफजनित्रे (पाण्याची वाफ करणारी यंत्रे) बदलण्यासाठी कवचाच्या भिंतीला मोठे भगदाड पाडताना आतला थर सुटल्याचे उघड झाले. ती भिंत एक मीटरहून अधिक जाड होती. केंद्र पुन्हा सुरू झालेच नाही आणि २०१३ साली ते कायमचे बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. या दोन्ही घटनांना ‘भेगा पडल्या’ म्हणणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय.

सुटलेला थर ओळखण्यासाठी लागणारी भाषा आपल्याकडे आधीपासून आहे. हातोडीने ठोकल्यावर भरीव काँक्रीट खणखणीत वाजते, थर सुटलेले ‘बद्द’ वाजते. मडके घेताना आपण हाच शब्द वापरतो. खोलवरचा थर मात्र कानाला कळत नाही. तेथे आघाताने उठलेली लहर आतून किती वेळात परतते ते उपकरणाने मोजावे लागते. या पद्धतीला ‘आघात-प्रतिध्वनी चाचणी’ म्हटले तर कामाचे स्वरूप नावातच येते.

अनुवादात हमखास घसरणारा आणखी एक शब्द सांगतो. काँक्रीटमधून श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरींचा वेग मोजण्याविषयीच्या १९९२ च्या भारतीय मानकात सेकंदाला ४.५ किलोमीटरहून अधिक वेग आला तर काँक्रीट ‘उत्कृष्ट’ मानले होते, आणि ३ किलोमीटरहून कमी आला तर जी श्रेणी दिली होती तिचा अर्थ ‘संशयास्पद’ असा होतो. तिचे भाषांतर ‘निकृष्ट’ करू नये. संशयास्पद काँक्रीटच्या आणखी चाचण्या करायच्या असतात, काँक्रीटचा दंडगोल तुकडा कापून नमुना काढावा लागू शकतो. ‘निकृष्ट’ म्हटले की निकालच लागला असे वाटते.