देणगीचं नंतर बघू, आधी ती एफडी मोडा

फोंड्याहून एका वाचकांनी लिहिलंय. वय 34, बायको आणि एक लहान मूल, वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी, हातात पगार 42,000. कंपनीच्या सेवा उपक्रमासाठी पगारातून दरमहा 1,000 कापले जातात. ज्या गणेश मंडळात ते स्वतः राबतात, तिथे आणखी 500. कॅन्टीनच्या फलकावर देणगीदारांची यादी रकमेसकट लागते, मंडळात नावं माइकवरून वाचतात. डोक्यावर पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डाचं बिल आहे, देणगी थांबवली तर बरं दिसेल का, एवढाच त्यांचा प्रश्न.

थांबवा. एचआरला ईमेल करा: 'देणगीची संमती मागे घेत आहे, पुढच्या पगारापासून कपात करू नये.' कारण देऊ नका. मंडळात सांगा, 'यंदा कर्ज फेडतोय, पैसे जमणार नाहीत, कामाला आहेच.' चवथीला मंडप उभारायला रात्र जागवणाऱ्या माणसापुढे पावतीपुस्तक धरणाऱ्यानेच संकोचायला हवं. आणि '80जीमध्ये', म्हणजे देणगीवरच्या करवजावटीत, 'टॅक्स वाचेल' हे ऐकूच नका. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि तुमच्या पगारावर तिथे कर शून्यच येतो. वाचणार काय?

पण तुमचं घर या 1,500 रुपयांनी बुडत नाहीये. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की कार्डावर 1,20,000 बाकी आहेत, 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरावीच लागणारी रक्कम, 6,000 नियमित भरतो, आणि अडीअडचणीला 1,50,000 ची एफडी 7 टक्क्यांनी ठेवली आहे.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 4,200. त्यावर 18 टक्के जीएसटी. जवळपास 5,000 झाले. एफडी महिन्याला देते 875. सहा हजार भरून हजारच मुद्दल फिटतं, आणि तेवढ्याचं तुम्ही पुन्हा पेट्रोल भरता. बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दोन वर्षं बिल 1,20,000 च्या आसपासच आहे म्हणता. तेवढंच व्याज या दोन वर्षांत बँकेला गेलं! 'मार्चचा बोनस आला की एकदम फेडीन' हे आता पुरे. तो बोनस दोनदा येऊन गेला.

एफडी मोडा. व्याजात टक्काभर कापतील, कापू दे. कार्डाच्या बँकेला फोन करून आजच्या तारखेची पूर्ण बाकी विचारा आणि तीच भरा. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही पूर्ण भरा. उरलेले साधारण 30,000 बचत खात्यात राहू द्या.

आता कार्डाचे 6,000 (त्यातले हजार पेट्रोलला ठेवा) आणि देणगीचे 1,500 दरमहा मोकळे झाले. बचत लाखाच्या घरात जाईपर्यंत ते तिथेच टाका, मग 14 टक्क्यांच्या पर्सनल लोनकडे वळवा. मुदतीआधी फेडल्यास शुल्क किती, ते आधी विचारून घ्या.

एक राहिलं. पत्रात लिहिलेली वर्षाला 36,000 हप्त्याची एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र. विमा 5 लाखांचा, म्हणजे घरच्यांना जेमतेम वर्षभराचा पगार. अशा पॉलिसीचा परतावा पाच-सहा टक्क्यांपुढे क्वचितच जातो. हे तुमच्या गळ्यात मारणाऱ्याने कर्जाची चौकशीही केली नाही, याचा मला खरोखर राग येतो. आधी 50 लाखांचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, घ्या. तो हातात आल्यावर कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारे), दोन्ही आकडे लेखी मागवा आणि मला पाठवा. तोवर नवीन काही सही करू नका.