साठच्या दशकातली संगीत नाटकं: माझा क्रम, आणि गटाने यादी करायची तर कशी करावी

प्रश्न असा आहे: १९६० ते १९६९ या दशकातली तुमची आवडती संगीत नाटकं क्रमाने सांगा, आणि आमच्या पंधरा-वीस नाट्यरसिकांच्या गटाला अशी यादी करायची आहे, पण दर वेळी वाद होतो, तर पद्धत काय ठेवावी?

वाद होणारच. गटातले निम्मे लोक नाटकाबद्दल बोलत असतात आणि निम्मे रेकॉर्डबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकाच गोष्टीवर बोलतोय. या दशकातली बहुतेक नाटकं आज आपल्यापर्यंत ध्वनिमुद्रिकांमधून पोचतात. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. पुढे ईपी आणि एलपी आल्यावर जागा वाढली, तरी रंगमंचावर वन्समोअर घेत पंधरा मिनिटं रंगणारं पद रेकॉर्डवर आटोपशीरच आलं. शिवाय रेकॉर्डवरचा गळा आणि रंगमंचावरचा गळा एकच असेल असंही नाही. ‘ययाति आणि देवयानी’तली ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ आणि ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ म्हटलं की कानात येतात अभिषेकीबुवा, म्हणजे या नाटकाचे संगीतकार आणि गायक जितेंद्र अभिषेकी. नाटकात मात्र ती पदं नटांनी म्हटली. म्हणून पहिला नियम असा ठेवा: मतपत्रिकेवर प्रत्येक नाटकापुढे तीन रकाने आखा, ‘पाहिलं’, ‘संहिता वाचली’ आणि ‘फक्त पदं ऐकली’. तिसऱ्याच रकान्यात खूण असेल तर त्या नाटकाला क्रम द्यायचा नाही. निम्म्या वेळा वाद इथेच मिटतो.

दुसरी गोष्ट दशकाची हद्द. दशक १९६० पासून धरायचं की १९६१ पासून, हे नाव काढण्याआधी ठरवा. विद्याधर गोखले यांची ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘सुवर्णतुला’ दोन्ही १९६० ची आहेत. १९६१ धरलंत की दोन्ही एका फटक्यात बाहेर जातात, आणि मग ज्यांना ती आवडतात ते नियमावरच चिडतात. तुमच्या प्रश्नात १९६० आहे, तेच ठेवा. तारीख पहिल्या प्रयोगाची धरा. पुस्तक छापल्याची किंवा रेकॉर्ड निघाल्याची नको. जुन्या नाटकांच्या पुनरुज्जीवनाला जागा देऊ नका. ‘सौभद्र’ (१८८२) आणि ‘मानापमान’ (१९११) साठच्या दशकातही जोरात चालू होती. ती आत घेतली तर यादी त्या दशकाची राहत नाही, नाट्यसंगीताच्या सगळ्या इतिहासाची होते.

‘संगीत नाटक’ म्हणजे काय, यावर मात्र थोडं सैल राहा. नावामागे ‘संगीत’ लावलंय की नाही यावरून ठरवायला गेलात तर १९६६ चं ‘लेकुरे उदंड जाली’ अडकतं. वसंत कानेटकरांनी त्यात तालावर बोलले जाणारे, अर्धे म्हटलेले, अर्धे गायलेले पद्य संवाद आणले. त्यात ख्यालाच्या अंगाने फुलणारं नाट्यपद शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, पण गाण्याशिवाय ते नाटक उभंच राहत नाही. माझ्या मते ते आत हवं. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) मात्र मी वेगळं ठेवीन. कमी प्रतीचं म्हणून मुळीच नाही. त्यातला बतावणीचा (विनोदी संवादांचा) भाग दर प्रयोगाला, त्या दिवसाच्या बातम्यांप्रमाणे बदलायचा, त्यामुळे कोणत्या प्रयोगाला क्रम द्यायचा हेच कळत नाही. लोकनाट्याची वेगळी यादी करा, तिथे ते पहिलं येईल.

आता कसोटी. मी एकच वापरतो: पद काढून टाका आणि प्रसंग वाचा. छापील संहिता घ्या, प्रत्येक पदावर पेन्सिलने रेघ मारा, आणि त्याच्या आधीचे पाच-सहा आणि नंतरचे पाच-सहा संवाद सलग वाचून बघा. सांधा जाणवलाच नाही तर पद दागिन्यासारखं वरून घातलेलं आहे. प्रसंग लंगडा झाला तर पद नाटकाचा अवयव आहे. एका नाटकाला दोन-अडीच तास लागतात, पण एवढं केल्यावर तुमचा क्रम निश्चित बदलतो. नुसतं ऐकून क्रम लावणाऱ्यांच्या यादीत ‘ययाति आणि देवयानी’ बहुधा पहिल्या दोनांत असतं. या कसोटीवर ते खाली येतं.

माझा क्रम याच कसोटीवर आहे.

पहिलं ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७, संस्था नाट्यसंपदा, संगीत जितेंद्र अभिषेकी. हे उत्तर सगळ्यांचंच असतं, त्यामुळे सांगायला जरा संकोच वाटतो, पण कारण निराळं आहे. इतर नाटकांत पात्रं भावना अनावर झाली की गातात. इथे गाणं हाच झगडा आहे. खाँसाहेब आणि पंडित भानुशंकर हे नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गायक; त्यांच्या गायकीतला फरक संवादात सांगून प्रेक्षकाला कळला नसता; तो कानाला ऐकू यावा लागतो. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन्ही घराण्यांच्या अंगाने येतं ते त्यासाठीच. अभिषेकींनी चाली बांधताना पंडितजींचं गाणं आणि खाँसाहेबांचं गाणं यांची घडणच वेगळी ठेवली. ही वेगळी घडण काढा, नाटकाचा कणाच निघतो. वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब असे उभे केले की भूमिका आणि नट वेगळे करता येत नाहीत, आणि हीच या नाटकाची अडचणही आहे. पुढच्या कुणाचाही प्रयोग पाहताना आपण नाटक बघत नाही, तुलना करत बसतो. क्रम लावताना हा दोष नाटकाच्या खात्यावर टाकू नका. आणि २०१५ चा चित्रपट पाहून मत देणाऱ्याला ‘पाहिलं’चा रकाना भरू देऊ नका, त्यातली बरीच गाणी चित्रपटासाठी नव्याने केलेली आहेत.

दुसरं ‘मत्स्यगंधा’, १९६४, दि गोवा हिंदू असोसिएशन. कानेटकरांचं नाटक, पदंही त्यांचीच, संगीत अभिषेकींचं. या नाटकाचं मोठेपण आकाराच्या भानात आहे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या घरात होती आणि प्रयोग रात्रभर चालायचा. साठच्या दशकातल्या प्रेक्षकाला घरी परतायची घाई होती. अभिषेकींनी पदं थोडी ठेवली, तानांचा पसारा आवरला आणि शब्द ऐकू येतील अशा चाली दिल्या. ‘गर्द सभोंती रान साजणी’ किंवा ‘अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा’ ऐका: आशालता वाबगावकर ही पदं गाताना गायिका होऊन पुढे येत नाहीत, सत्यवतीच राहतात. दुसरं टोक रामदास कामतांचं, पराशराची पदं तयार गळ्याशिवाय पेलत नाहीत. दोन प्रकारचे गळे एका नाटकात वापरून पात्रांमधलं अंतर दाखवणं हे मला त्या काळात दुसरीकडे इतकं स्वच्छ सापडत नाही.

‘मंदारमाला’ तिसरं, आणि इथे माझ्याशी बरेच जण भांडतील. गोखल्यांचं १९६३ चं नाटक, संगीत पं. राम मराठे यांचं. ‘बसंत की बहार आयी’ ही राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची जुगलबंदी म्हणजे या नाटकाचा कळस. संहिता म्हणून मी याला पाचवं-सहावं ठेवीन; कथानक जागोजागी पदाची वाट बघत थांबतं. पण कथानकच गाण्याचं असल्यामुळे ते थांबणं खटकत नाही. आजच्या प्रयोगात ते कुठे बिघडतं तेही सांगतो: दोन्ही गायक तोडीस तोड नसतील तर जुगलबंदी एकतर्फी होते आणि तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षक कलंडतो.

चौथ्यावर ‘लेकुरे’, वर सांगितलेल्या कारणासाठी. पाचवं ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६). शिरवाडकरांची पदं कविता म्हणून या यादीत सर्वांत वरची, अभिषेकींच्या चाली सर्वांत सुंदर, पण त्यांतली काही पदं पेन्सिलची रेघ सहज सोसतात. सहावं ‘पंडितराज जगन्नाथ’: ललितकलादर्शची निर्मिती, वसंत देसाईंचं संगीत, शाहजहानच्या दरबाराचा थाट आणि गोखल्यांची भाषा, एकाच संवादात संस्कृतही आणि उर्दूही. सातवं ‘सुवर्णतुला’, छोटा गंधर्वांच्या चालींसाठी. ‘अंगणी पारिजात फुलला’ याच नाटकातलं. आठवं ‘जय जय गौरीशंकर’ (१९६६), पुन्हा गोखले, वसंत देसाई आणि ललितकलादर्श. नववं रणजित देसाईंचं ‘हे बंध रेशमाचे’. ‘काटा रुते कुणाला’ घरोघरी माहीत आहे, शांता शेळक्यांचे शब्द लोक पाठ म्हणतात, आणि त्यातल्या शंभरातल्या नव्वदांना नाटक कशाबद्दल आहे ते सांगता येत नाही. रेकॉर्डचा मुद्दा याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

आता गटाची पद्धत. ‘प्रत्येकाने एक आवडतं सांगा’ असं मतदान करू नका. गोखल्यांची चार नाटकं यादीत आहेत, अभिषेकींची पाच; एकाच चवीच्या लोकांची मतं फुटतात आणि एकटं पडलेलं नाटक वर जातं. क्रमाला गुण देण्याची पद्धत (पहिल्याला सर्वांत जास्त, शेवटच्याला एक) बरी वाटते, पण तिच्यात एक खोट आहे. समजा नऊ जण आहेत. पाच जणांचा क्रम कट्यार, मत्स्यगंधा, मंदारमाला. चौघांचा मत्स्यगंधा, मंदारमाला, कट्यार. ३-२-१ गुण दिले तर कट्यारला १९, मत्स्यगंधाला २२, मंदारमालाला १३. म्हणजे नवातल्या पाचांनी पहिलं म्हटलेलं नाटक दुसरं आलं. आता मंदारमाला यादीतून काढा आणि २-१ गुण द्या: कट्यार १४, मत्स्यगंधा १३. तिसऱ्याच नाटकाच्या असण्या-नसण्याने पहिला नंबर बदलतो. कुणीतरी मुद्दाम प्रतिस्पर्ध्याला तळाला टाकलं की हेच होतं, आणि रसिक लोक ते करतात.

त्यापेक्षा जोड्या लावा. नऊ नाटकांच्या ३६ जोड्या होतात. वेगळं मतदान घ्यावं लागत नाही. प्रत्येकाच्या क्रमवार पत्रिकेवरूनच मोजता येतं. प्रत्येक जोडीत फक्त त्यांचीच मतं धरा ज्यांनी दोन्ही नाटकं पाहिली किंवा वाचली आहेत. कमी लोकांनी पाहिलेल्या नाटकावरचा अन्याय यानेच टळतो. गुणांच्या पद्धतीत न पाहिलेल्याला शून्य पडतं आणि ‘हे बंध रेशमाचे’सारखं नाटक उगीच बुडतं. जोडीला निदान पाच मतदार हवेत, नसतील तर ती जोडी सोडून द्या. जिंकलेल्या जोडीला एक, बरोबरीला अर्धा. सुटलेल्या जोड्यांमुळे नाटकागणिक जोड्या कमी-जास्त होतात, म्हणून मिळालेल्या गुणांना त्या नाटकाच्या मोजलेल्या जोड्यांनी भागा आणि त्यावरून क्रम लावा. कधीकधी अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने अ ला हरवलं असं चक्र पडतं. तेव्हा ओढूनताणून निकाल काढू नका, तिन्ही एका क्रमांकावर लिहा.

पत्रिका चर्चेआधी आणि बंद पाकिटात घ्या. गटात एखादा चांगला गाणारा असतोच. त्याने ‘कट्यार’मधल्या ‘सुरत पिया की’ची चार आवर्तनं घेतली की पुढच्या दहा जणांचा क्रम तिथेच ठरतो. चर्चेनंतर हवं तर दुसरी फेरी घ्या आणि दोन्ही निकाल शेजारी लिहा. कोणतं नाटक चर्चेने वर गेलं ते बघण्यात खरी गंमत आहे.

आजचे प्रयोग पाहून मत देणाऱ्यांसाठी एक सूचना. स्त्री-पुरुषांच्या द्वंद्वपदात पट्टी (पेटीच्या ज्या पट्टीला ‘सा’ धरून गातात ती) हमखास अडचणीची असते. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये सुखाने गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. ‘मत्स्यगंधा’तल्या ‘गुंतता हृदय हे’सारख्या पदात मधली पट्टी घेतली की एकाचा खर्ज बसतो नाहीतर दुसऱ्याचा तार सप्तक ताणला जातो, आणि पद फिकं वाटतं. तिथे गुण नाटकाचे कापू नका. त्याच पदाची संहितेतली जागा पुन्हा वाचा आणि मग क्रम लिहा.