प्रसूती विभागात टीमवर्क आणि रुग्णसुरक्षा सुधारण्यासाठी काय करावं? टीमवर्कच्या कार्यशाळांचा उपयोग होतो का?

हॉलमध्ये बसवून स्लाइड्स दाखवणाऱ्या कार्यशाळांचा होत नाही. मी लेबर रूममध्ये सिस्टर आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

एका रात्रपाळीत बाळ सुखरूप झालं, वारही पूर्ण पडली, पण रक्त थांबेना. धार नव्हती, नुसतं झिरपत होतं, आणि अशा वेळीच सगळे गाफील राहतात. डॉक्टर म्हणाले, "तीनशेच्या वर नाही." मला पटेना. भिजलेले पॅड आणि मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) बाळाच्या काट्यावर ठेवले, कोरड्यांचं वजन वजा केलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. साडेआठशे भरलं! मी आकडा मोठ्याने सांगितला तर, "डॉक्टर तुम्ही की मी?" मग मी सरळ भूलतज्ज्ञांना आणि वरिष्ठांना फोन लावला. ते आल्यावर कामं वाटली गेली: एकीने गर्भाशय चोळलं, दुसरीने गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप वाढवली, रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड गेलं, मावशी रक्तपेढीकडे धावल्या. बाई वाचली. सकाळी मला निरोप आला, "डॉक्टरांना ओलांडून फोन करायचा नाही." तो निरोप मला आजही मान्य नाही.

डोळ्यांचा अंदाज कमीच निघतो, विशेषतः रक्त जास्त गेलेलं असताना. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत यावरचा उपाय तपासला गेला, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. खुणा असलेल्या पिशवीत रक्त मोजायचं आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करायचे. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं.

सराव करायचाच तर आपल्याच लेबर रूममध्ये, आपल्याच ट्रॉलीवर, डॉक्टर, सिस्टर, भूलतज्ज्ञ सगळ्यांनी एकत्र करा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात २००० पासून असं प्रशिक्षण सुरू झालं आणि पाच मिनिटांचा अपगार (जन्मल्यावर बाळाची तब्येत पाहून दिलेले दहापैकी गुण) कमी असलेल्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कन्सल्टंट "मला वेळ नाही" म्हणून बाहेर राहणार असतील, तर तो सराव करूच नका.

आणि एक लेखी नियम हवाच: ५०० मिली रक्त गेलं की कुठलीही सिस्टर, अगदी कालच रुजू झालेलीसुद्धा, थेट वरिष्ठांना बोलावेल. त्या कागदावर सही विभागप्रमुख डॉक्टरांची हवी, हेड सिस्टरची नको, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाला निरोप येणार नाही.

सगळे डॉक्टर असे नसतात, हेही खरं. नुसत्या चेकलिस्टवरही विसंबू नका: उत्तर प्रदेशातल्या मोठ्या अभ्यासात (२०१७) ती वापरून कामाच्या पद्धती सुधारल्या, मृत्यू मात्र घटले नाहीत. आणि वजन करताना गर्भजल निघून गेल्यावर कोरडा पॅड घाला, नाहीतर आकडा फुगतो आणि पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकत नाही.