गुरगुरणे दाबू नका, समजून घ्या

कुत्रा नव्याने घरी आणल्यावर बहुतेक जण त्याच्या शेपटीकडे पाहतात आणि ती हलली की तो खूश आहे असे मानतात. परंतु उंच, ताठ धरलेली आणि थरथरणारी शेपटी तणावाचीही असू शकते, म्हणून तिच्याबरोबर कान, डोळे, तोंड आणि अंगाचा ताठरपणा हे सारे एकत्र पाहावे. मूल गळ्यात पडल्यावर कुत्र्याने मान वळवली, झोप आलेली नसताना जांभई दिली, ओठ चाटले किंवा डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला, तर मुलाला शांतपणे लगेच बाजूला घ्यावे. अशा क्षणी फोटो काढण्याचा मोह कृपया टाळावा. गुरगुरल्याबद्दल मात्र त्याला कधीही मारू नये, कारण ती चावण्यापूर्वीची सूचना असते, आणि ती दाबून टाकल्यास भीती तशीच राहते, केवळ इशारा नाहीसा होतो.

चप्पल कुरतडलेला कुत्रा कान पाडून, नजर चुकवून बसला की 'त्याला चूक कळली आहे' असे घरोघरी म्हटले जाते. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की हा 'अपराधी' चेहरा कुत्र्याने मना केलेला खाऊ खरोखर खाल्ला होता की नाही यावर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. त्यामुळे सकाळच्या नुकसानीबद्दल संध्याकाळी ओरडण्यात काहीच अर्थ नाही. त्याला फक्त तुमच्या येण्याची धास्ती बसते. शिकवताना हाताची स्पष्ट खूण वापरावी आणि योग्य वागणुकीचे बक्षीस त्याच क्षणी द्यावे.