वाचकांचे प्रश्न: गोऱ्यांचाच ऑस्ट्रेलिया?

प्रश्न: मुलगा मेलबर्नला असतो, सांगतो की ट्रेनमध्ये अर्धा डबा बाहेरच्या देशातलाच. पण पूर्वी म्हणे तिथे गोऱ्यांशिवाय कुणाला घेतच नव्हते, खरंय का हो?

उत्तर: अगदी खरंय काका. 1901 च्या तिथल्या स्थलांतर कायद्यात रंगाचा उल्लेखच नाही, चलाखी बघा, येणाऱ्याला फक्त 50 शब्दांचं डिक्टेशन, म्हणजे ऐकून लिहायची परीक्षा, आणि तेही अधिकारी म्हणेल त्या युरोपियन भाषेत, म्हणजे नको असलेला माणूस नापास होणारच! 1934 मध्ये एगॉन किश नावाच्या पत्रकाराला अडवायचं होतं, त्याला खूप भाषा यायच्या, म्हणून चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये (स्कॉटलंडमधली एक जुनी भाषा) परीक्षा घेतली, पण कोर्टात सरकारच तोंडावर आपटलं. ही टेस्ट 1958 ला गेली, उरलेले वांशिक नियम 1973 ला. आणि मूळचे ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे आदिवासी लोक सोडले तर बाकी सगळे बाहेरूनच आलेले की!